उंची वाढू दे, वजन थांबू दे: एका मराठी शाळेतले दहा महिने

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घरांबरोबर गेल्या जूनपासून मार्चपर्यंत एक काम केलं. मुलं लठ्ठपणाकडे झुकू नयेत म्हणून घरातलं खाणं आणि खेळणं मार्गी लावायचं, एवढंच. करणारे आम्ही सात जण: दोन शिक्षिका, आशा ताई, एक आहारतज्ज्ञ आणि एसडीएमसीतले, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीतले, तीन पालक. सुरुवात कुठून करायची हे सांगणारं मराठीत काही हाती लागलं नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणाला हे करायचं असेल तर त्यांचे दोन महिने वाचावेत म्हणून झालं ते क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: "खेड्यात कुठली आली लठ्ठ पोरं?" पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत जादा वजनाची ३.४ टक्के होती, आधीच्या पाहणीत २.१ टक्के. आकडा लहान आहे, पण चढता आहे. त्याच पाहणीत त्याच वयाची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. आपल्या वर्गातही हेच दिसतं. एका बाकावर बरगड्या मोजता येतील असा मुलगा बसतो आणि शेजारी सदऱ्याची बटणं ताणलेला. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवलं की "कमी खा" हे शब्द कुणाच्याही तोंडून निघणार नाहीत. शाळेतून असा निरोप गेला की तो आधी हडकुळ्या मुलाच्या ताटापर्यंत पोचतो.

मग कागदपत्रं. १० जूनला मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. त्यांनी एसडीएमसीचा ठराव मागितला आणि ठरावासाठी बैठक भरायला बारा दिवस गेले. ठराव जोडून अर्ज शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात गेला आणि तिथे पडून राहिला, कारण सोबतची माहिती फक्त मराठीत होती. दुसऱ्या खेपेला एका पानाचं कन्नड पत्र, त्याखाली मराठी प्रत, ठरावाची झेरॉक्स आणि पालकांच्या संमतीपत्राचा नमुना एकत्र टाचून दिलं, तेव्हा कागद हलला. परवानगी १६ जुलैला हातात आली. हे सगळं पहिल्याच खेपेला द्या. काय मोजणार (उंची आणि वजन), काय करणार नाही (रक्ततपासणी, औषध, फोटो) आणि मुलाचं नाव कुठेही जाहीर होणार नाही, ही तीन वाक्यं पत्रात स्पष्ट हवीत. अधिकारी तीच आधी वाचतात.

संमतीपत्राचं वाक्य आम्हाला बदलावं लागलं. आधी लिहिलं होतं, "लठ्ठपणा तपासणीसाठी संमती." निम्मे कागद सही न होता परत आले. "मुलाची वाढ नीट होते आहे का हे पाहण्यासाठी उंची-वजन" असं केल्यावर जवळपास सगळे सही होऊन आले. यात लपवाछपवी नाही, मोजायचं तेच होतं. आई-आज्जींना पोराच्या वाढीची काळजी असतेच, लठ्ठ हा शब्द मात्र शिवीसारखा लागतो.

सामानाचा खर्च असा: डिजिटल वजनकाटा १,४०० रुपये, भिंतीवर लावायची उंचीची पट्टी ४५०, छपाई ६२०, दोरीच्या उड्यांच्या वीस दोऱ्या प्रत्येकी ५५ प्रमाणे १,१००. एकूण ३,५७०. दोऱ्या गावातल्या गणेशोत्सव मंडळाने दिल्या, बाकीचं वर्गणीतून झालं.

मोजणी सोपी वाटते, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. वर्गाच्या भिंतीला खाली फरशीची पट्टी असते, ती बोटभर पुढे येते. मुलाच्या टाचा त्या पट्टीला टेकतात, पाठ मात्र भिंतीपासून सुटलेली राहते आणि मूल पुढे झुकतं. दाराच्या चौकटीशेजारी पट्टी नसलेली दोन फूट भिंत मिळाली, तिथे उंचीची पट्टी लावली. टाचा, ढुंगण, खांदे भिंतीला, बूट-मोजे काढलेले, मुलींची वेणी किंवा अंबाडा डोक्याच्या मध्यावर असेल तर सोडलेला. नजर समोर, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. डोक्यावर गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात टेकवायचं आणि वाचणाऱ्याने आपले डोळे त्या पातळीवर आणून मिलिमीटरपर्यंत वाचायचं. प्रत्येकाची उंची दोनदा घ्यायची. दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती वर्षभरात ताणते.

काटा शहाबादी फरशीवर ठेवला तर चारही पाय टेकतात का बघा. फरशी डुगडुगत असेल तर काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. आम्ही मोजणी सुरू करण्याआधी पाच किलोच्या सीलबंद आट्याच्या पिशवीने काटा तपासत होतो आणि प्रत्येक वीस मुलांनंतर पुन्हा.

एवढा काटेकोरपणा कशाला, ते एका हिशेबात सांगतो. वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. त्याला बीएमआय म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलग्याचं वजन ३० किलो आणि उंची १३० सेंमी असेल तर उत्तर १७.८ येतं. उंची चुकून १२८ लिहिली तर १८.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांची जादा वजनाची रेषा १८च्या किंचित खाली आहे. म्हणजे दोन सेंटिमीटरच्या चुकीने धडधाकट पोरगं जादा वजनाच्या यादीत जातं. शिवाय मोठ्यांचे २५, ३० हे आकडे मुलांना लावायचे नसतात. मुलाचं वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यातली रेषा शोधायची. पाच वर्षांवरच्यांसाठी सरासरीच्या वर एक प्रमाणविचलन (आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते मोजायची पायरी) ओलांडलं की जादा वजन, दोन ओलांडली की लठ्ठपणा. बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवर बहुधा भारतीय बालरोग संघटनेचा २०१५चा तक्ता असतो, त्याच्या रेषा वेगळ्या आहेत. कुठलाही वापरा, पण वर्षभर एकच. दोन्ही मिसळले की एकाच मुलाबद्दल दोन उत्तरं येतात आणि पालकांचा विश्वास उडतो.

२४ जुलैला पहिली मोजणी झाली आणि आमची मोठी चूकही त्याच दिवशी झाली. तीन मुलांचे आकडे रांगेसमोर मोठ्याने वाचले गेले. मधल्या सुट्टीत चौथीतल्या एकाला "ढब्बू मिरची" नाव पडलं आणि तो दोन दिवस शाळेत आला नाही. शिक्षिका त्याच्या घरी जाऊन आल्या, मोजणी तिथेच थांबवली आणि आठवड्याने पुन्हा सुरू केली. आता एका वेळी एकच मूल, दार लोटलेलं. एक जण वाचून कागदावर लिहितो, दुसरा तो आकडा न बोलता पडताळतो. कागदावर नाव नाही, हजेरी क्रमांक. निकाल बंद पाकिटात आणि तोही पालक स्वतः येतील तेव्हाच. चिडवलं गेलेलं मूल खेळाच्या मैदानावरून आधी गायब होतं आणि एकटं बसून जास्त खातं. ज्यासाठी काम सुरू केलं त्याच्या नेमकं उलट.

पाकीट उघडल्यावर बहुतेक आईवडील विचारतात, "किती किलो कमी करायचं?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही वर्षभर सांगत राहिलो. वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं, ते आहे तिथे धरून ठेवायचं असतं. शाळकरी वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. १२८ सेंमी आणि ३४ किलोच्या मुलाचा बीएमआय २०.८ येतो. वर्षाने तो १३४ सेंमी झाला आणि वजन ३४च राहिलं, तर १८.९. काही न उतरवता पोर रेषेकडे परत आलं. हे पटलं की घरातली घाबरगुंडी कमी होते आणि उपाशी ठेवण्याचा विचार मागे पडतो. एका घरी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. मुलगी शेजारी काकूंकडे जाऊन जेवत होती आणि झोपताना बिस्किटं खात होती. जेवण सुरू केलं, बिस्किटांचा डबा घरातून गेला, तेव्हा घडी बसली.

काही खुणा दिसल्या तर मात्र खाण्या-खेळण्याच्या गप्पा थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं. वजन वाढतंय पण उंची अडकली आहे. मानेवर, काखेत काळपट मखमलीसारखा पट्टा आहे आणि तो घासून जात नाही. (तो मळ नाही. आईने नारळाच्या शेंडीने घासून मान सोललेली आम्ही पाहिली आहे.) झोपेत मोठं घोरणं, मधेच श्वास अडकणं. लंगडणं किंवा खुब्यात-गुडघ्यात दुखणं. आठ वर्षांखालच्या मुलीला वयात आल्याची चिन्हं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि मुलांना पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतं. ते आमच्याकडे नोव्हेंबरात आलं, पण वरच्या खुणा असलेल्यांनी तोवर थांबायचं नाही. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं आणि जाताना तारखांसह उंची-वजनाचा कागद न्यायचा. दोन मोजण्या हातात असल्या की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

ऑगस्टात घरोघर गेलो. "मूल काय खातं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय बी खात नाही हो." म्हणून तो प्रश्न सोडला आणि किराण्याची यादी मागितली. यादीत सगळं असतं. पाच माणसांच्या घरात महिन्याला साखर आणि गूळ मिळून सहा किलो येत असेल तर माणशी दिवसाला ४० ग्रॅम पडतात. १,६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला वरून घातलेली साखर ४० ग्रॅमच्या आत हवी आणि २०च्या आत असेल तर उत्तम, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा आणि पाच टक्क्यांचा हिशेब. तेल पाच लिटर असेल तर माणशी दिवसाला साधारण ३० ग्रॅम. आम्ही एकच सांगितलं, पुढच्या महिन्यात साखर एक किलो आणि तेल एक लिटर कमी आणा. घरात आलं नाही तर पोटात जात नाही आणि कुणा एकाच्या ताटावर नजर ठेवावी लागत नाही.

गुळाबद्दल बरीच समजूत घालावी लागली. ऊस आपल्याच शिवारातला, म्हणून गूळ पौष्टिक असं वाटतं. वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. दुधात घालायच्या पावडरींचे डबे हातात घेऊन आईंना मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. आम्ही पाहिलेल्या काही डब्यांत १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या वर साखर होती. चहाचंही तसंच. दिवसाला तीन कप, कपात दोन चमचे म्हणजे सहा चमचे, २५ ते ३० ग्रॅम. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं तर महिन्यात जीभ सरावते. एकदम बंद केला की मूल तिसऱ्या दिवशी आज्जीच्या कपातून पितं.

आमच्या गावातली खरी अडचण साडेचार वाजताची होती. शाळेत सरकारी योजनांतून सकाळी क्षीरभाग्यचं दूध मिळतं, दुपारी अक्षर दासोहचं जेवण, अंडं किंवा केळं. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असं ते मोजून असतं. मूल घरी येतं तेव्हा आज्जी म्हणते, "शाळेतलं काय खाल्लं असशील रे," आणि पुन्हा भरगच्च भात-आमटी वाढते. वर चहा-बिस्किटं, मग आठला जेवण. म्हणजे एक जेवण जास्तीचं. ते तोडायचं नाही, बदलायचं. साडेचारला काय ठेवायचं हे घरातल्यांबरोबर बसून ठरवलं: मीठ-ताकातली नाचणीची आंबील, उकडलेलं रताळं, मोडाची मटकी घालून चिरमुरे, पेरू, काकडी, मूठभर भाजलेल्या शेंगा. रताळं आपल्याकडे रानात पिकतं, ते तळून किंवा पाकात घालूनच खायची सवय आहे. कुकरला दोन शिट्ट्या दिल्या तर सालासकट चांगलं लागतं. शेंगा मूठभरच, मूठ मुलाची. बशीत ठेवल्या तर संपेपर्यंत हात थांबत नाही.

रात्रीच्या ताटात वाढायचा क्रम बदलला. आधी भाजी आणि आमटी, मग भाकरी, भात शेवटी आणि वाटीने. भातवाढणीने वाढला की एका वेळी दोन वाट्या पडतात आणि ताटात पडलेलं टाकायचं नाही ही आपली शिकवण, त्यामुळे पोट भरल्यावरही मूल गिळत राहतं. काय आणि कधी खायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने, हे आज्यांना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पातळ मसुरीची आमटी घट्ट केली तर त्याच भातावर पोट लवकर भरतं. आमटीच्या वरची तेलाची तर्री पाहुणे असतील त्या दिवशी, हे मात्र बायकांनी स्वतःच ठरवलं.

शाळेसमोरच्या दुकानांचं सांगायला हवं. जादा मीठ, साखर, तेल असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. टेप घेऊन मोजलं तर दोन दुकानं आतच भरली. तक्रार केली नाही, बोलायला बसलो. दुकानदारांचं म्हणणं खरं होतं: पाकीट सडत नाही, केळी तिसऱ्या दिवशी काळी पडतात. उकडलेले हरभरे ठेवून पाहिले, ते दुपारी आंबले. शेवटी टिकलं ते भाजलेल्या शेंगा आणि फुटाणे, २५ ग्रॅमच्या कागदी पुड्या, पाच रुपयांना एक. पाकिटांची माळ दर्शनी भागातून आत गेली, एवढंच झालं. एका दुकानाने तेही केलं नाही.

पैशाचं मूळ घरात होतं. आजोबा रोज दहा रुपये खाऊला देतात, ते देणं म्हणजे त्यांचं प्रेम आहे. ते बंद करा असं सांगायला आमची जीभ रेटली नाही. काही घरांत आजोबांनीच उपाय काढला: सोमवार ते शुक्रवार पैसे डब्यात साठवायचे, शनिवारी खाऊ. एका मुलाने डब्यातल्या पैशांतून खो-खोचे बूट घेतले.

खेळासाठी पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं, दमवणारा खेळ आठवड्यात किमान तीन दिवस. रोजच्या खेळात निदान किती दम लागावा ते ओळखायची सोपी खूण: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो, त्यामुळे तास व्हरांड्यात. दोरीच्या मधोमध पाय देऊन उभं राहिलं की दोन्ही मुठी काखेपर्यंत याव्यात, एवढी तिची लांबी. जास्त असेल तर गाठ मारायची. तीस सेकंद उड्या, तीस सेकंद थांबणं, दहा फेऱ्या. ओल्या फरशीवर गोणपाट टाकलं तर ते सरकतं आणि मूल पडतं; कोरडा वर्ग रिकामा करून घेतलेला बरा. मुलींनी झिम्मा-फुगडी आपणहून धरली आणि वीस मिनिटांत घामाघूम झाल्या. ऑक्टोबरनंतर कबड्डी, खो-खो, लगोरी. बाद झालेलं मूल बाहेर बसतं आणि जड मूल आधी बाद होतं, म्हणून बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत डावात यायचं असा नियम केला. तो फार उपयोगी पडला. तासभर एकदम नसेल तर वीस-वीस मिनिटं तीनदा. पलीकडच्या वस्तीवरची मुलं शहरातल्या शाळेत व्हॅनने जातात. त्यांच्यासाठी व्हॅन मारुतीच्या देवळापाशी थांबवून तिथून पुढचं चालत, एवढं जमलं.

झोपेकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास लागतात. रात्री दहापर्यंत मालिका आणि मग अंथरुणात मोबाईल असेल तर सात-साडेसात तासच होतात, आणि अपुऱ्या झोपेनंतर गोड-तळलेलं खायची ओढ वाढते. जेवण साडेसातला, मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात, साडेनऊला दिवा बंद. ज्या घरांत हे बसलं तिथे बाकीचं सोपं गेलं.

दुसरी मोजणी दिवाळीनंतर, १२ नोव्हेंबरला. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत बऱ्याच मुलांचं वजन वाढलं होतं आणि आम्ही सगळे खचलो. फराळापेक्षा सुट्टीचा मोकळा दिवस जास्त नडला: उठायची वेळ नाही, जेवायची नाही, डबा सतत उघडा. सणाचं गोड कुणी बंद केलं नाही, करूही नये. ते जेवणाबरोबर, बसून, ताटात. गणपतीत मोदक पानात वाढले तर दोन-तीन होतात, परातीतून येता-जाता उचलले तर मोजायला कुणी नसतं. मोजण्यांमध्ये तीन-चार महिन्यांचं अंतर ठेवा. दर आठवड्याला काट्यावर उभं केलं तर पाण्याचा आणि कपड्यांचा फरक मोजत बसाल आणि मुलाला काट्याची भीती बसेल.

तिसरी मोजणी १० मार्चला झाली. रेषेच्या वर असलेल्यांतली बहुतेक उंचीने वाढली होती आणि वजन जवळपास जागेवर होतं. दोघांचं वाढतच गेलं. त्यातल्या एकाची उंची थांबलेली दिसली म्हणून त्याला पुढे पाठवलं आहे, तपासण्या चालू आहेत. बारीक मुलांपैकी कुणाचं वजन घटलं नाही, हे आम्ही सगळ्यात आधी पाहिलं.

एप्रिलच्या सुट्टीसाठी प्रत्येक घरी एकच कागद दिला आहे: उठायची वेळ, साडेचारचं खाणं, संध्याकाळचा खेळ, दिवा बंद करायची वेळ. चारही जागा मुलाने स्वतःच्या हाताने भरल्या आहेत. दोऱ्या मुलांकडे घरी आहेत. काटा शाळेच्या पेटीत ठेवला आहे, आतले सेल काढून. ते आतच राहिले तर आपल्या पावसाळी हवेत गंजतात आणि जूनमध्ये नवा काटा घ्यावा लागतो.